कराड : निगमाच्या दानापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत

खेड्यातल्या माणसाचा सरकारशी खरा संबंध येतो तो तालुक्याच्या गावात. सातबारा, जातीचा दाखला, खरेदीखत, दिवाणी दावा, फौजदारी खटला, उसाचे बिल, आजाऱ्याचा दवाखाना, मुलाचे कॉलेज अशा प्रत्येक कामासाठी त्याला तालुक्याची एस. टी. धरावी लागते. मुंबई-दिल्लीत काय कायदा झाला हे त्याला तालुक्याच्या कचेरीच्या खिडकीवरच कळते. म्हणूनच तालुक्याच्या गावाचा इतिहास कोणी लिहिला, त्यात कोणाला जागा दिली आणि कोणाला वेशीबाहेर ठेवले, हा प्रश्न साधा नाही. आज आपण सातारा जिल्ह्यातील कराडबद्दल बोलू.

कराडची ओळख सांगण्याची एक ठरलेली पद्धत आहे. महाबळेश्वरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना या दोन नद्या इथे समोरासमोर येऊन मिळतात आणि मग पूर्वेकडे वळून सांगलीकडे जातात. त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. वर जुने गाव, पंतांचा कोट, कोटातील नकट्या रावळाची विहीर. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो, तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आसपास साखर कारखाने आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर होती. या शहराने राज्याला यशवंतराव चव्हाण आणि पृथ्वीराज चव्हाण असे दोन मुख्यमंत्री दिले, हे वाक्य तर कोणत्याही भाषणात ठरलेले. यातले काहीही खोटे नाही. पण एवढेच कराड आहे काय?

कराडची सर्वांत जुनी लेखी साक्ष कराडात नाही. ती मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यातील भरहुत येथे सापडली. तिथे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील स्तूप होता. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो प्रकाशात आणला आणि त्याचे कोरीव कठडे पुढे कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात गेले. त्या कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत एक नाव 'करहकट' या गावाचे आहे. करहकट म्हणजेच आपले कराड, असे अभ्यासक मानतात. करहकटच्या काही माणसांनी स्वतंत्रपणे दाने दिली आहेतच. पण एक लेख असा आहे की ज्यात दाता कोणी राजा नाही, सरदार नाही, शेठ नाही. दाता आहे करहकटचे निगम, म्हणजे व्यापारी आणि कारागिरांचे ते सगळे गाव.

बंधूंनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे एक गाव दोन हजार वर्षांपूर्वी एकत्र बसते, वर्गणी जमवते आणि शेकडो मैलांवरच्या तथागताच्या स्तूपासाठी गावाच्या नावाने दान पाठवते. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेण्यांतही कराडचा माणूस भेटतो. तिथे करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याचा लेख आहे. कोकणातल्या बंदरांतून माल घाट चढून वर येई, देशावरचा माल खाली उतरे. त्या वाटेवरचे कराड हे नाक्याचे गाव होते. वाटेने मीठ, लोखंड, कापड चालले, आणि त्याच वाटेने भिक्खू चालले, धम्म चालला.

कराडच्या नैर्ऋत्येला आगाशिवचा डोंगर दिसतो. माथ्यावर शंकराचे देऊळ आहे आणि डोंगराला नावही त्यावरूनच पडले. पण त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर, जखिणवाडीच्या बाजूला, साठांहून अधिक बौद्ध लेणी खोदलेली आहेत. मोठ्या मूर्ती नाहीत, नक्षीची गर्दी नाही. भिक्खूंना पावसाळ्यात राहायच्या साध्या खोल्या, दगडी ओटे, चैत्यगृहे आणि पाण्याची टाकी. तिथल्या एका लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याचे कोरले आहे. गोपाल हे बापाचे नाव आणि संघमित्र हे मुलाचे. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने, नाव बदलले आणि त्याबरोबर जगण्याची दिशाही दिसली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांत जे घडले, मुलांची नावे सिद्धार्थ, राहुल, गौतमी, संघमित्रा झाली, त्याची आठवण हा लेख वाचताना झाल्याशिवाय राहत नाही. धर्मांतराने आपण कुठल्या परक्या घरात गेलो नाही. कराडच्या माणसाला हे सांगायला पुरावा लांबून आणायला नको, तो त्याच्या गावाच्या डोंगरावर आहे.

मग हे सारे विस्मरणात कसे गेले? नावे बदलली, वाटा बदलल्या, सत्ता बदलली. ज्या गावाने निगम म्हणून दान दिले त्याच गावाचे नाव पुढे कऱ्हाडे ब्राह्मण या पोटजातीला लागले. लेणी ओस पडली, डोंगराची ओळख देवळावरून झाली. आणि ज्यांच्या हातांनी गावाचा गाडा चालत होता ते वतनाच्या बेडीत अडकले.

हे वतन काय होते, हे आजच्या तरुणांना माहीत असायला हवे, कारण तालुक्याच्या गावाशी आपल्या पूर्वजांचा पहिला संबंध वतनाच्या कामातून आला. साऱ्याची रक्कम तालुक्याच्या खजिन्यात भरायला पाटील-कुलकर्णी निघाले की बरोबर महार निघे. सरकारी टपाल पोचवायला महार, साहेबाच्या घोड्यापुढे धावायला महार, हद्दीचा वाद निघाला की साक्षीला महार. सांगली जिल्ह्यातील आटपाडीचे शंकरराव खरात हे वकील, बाबासाहेबांच्या चळवळीतले कार्यकर्ते, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले 'तराळ अंतराळ'. तराळ म्हणजे गावकीची ही कामे पाळीने करणारा महार. या व्यवस्थेचा खोटेपणा पाहा. सरकारचा खजिना महाराच्या राखणीत सुरक्षित होता, मात्र त्याच महाराच्या हाताने पाणवठा बाटत होता!

याचा सर्वांत जळजळीत दाखला कराड तालुक्यातच घडला. १९०१ साल. सुभेदार रामजी आंबेडकर खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तिथे तलावाचे काम चालू होते. मुले साताऱ्यास होती. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना भेटायला मुले आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. मसूर कराड तालुक्यात आहे. न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने मुलांची आपुलकीने चौकशी केली. आपण महार आहोत, असे बाल भीमरावांनी सांगताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने विटाळ टाळण्यासाठी बाजूने चालायचे, असे ठरले. शिदोरी होती पण पाणी नव्हते. रात्री जकातनाक्यावरही पाणी नाकारले गेले. मुलांनी रात्र उपाशी काढली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे आणि अस्पृश्यतेबद्दल विचार करायला आपल्याला या प्रसंगाने लावले असे म्हटले आहे.

विचार करा. दोन बारमाही नद्यांचा तालुका, आणि त्या तालुक्याच्या स्टेशनवर उतरलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घोटभर पाणी नाही. पाण्याचा तुटवडा होता म्हणून नाही, माणुसकीचा होता म्हणून. पुढे १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्याच्या मागे मसूरची ही तहान नव्हती असे कोण म्हणेल? याच तालुक्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने या शतकात चोवीस तास मीटरने पाणी देणारी योजना राबवली आणि तिचे देशभर कौतुक झाले. ते कौतुक योग्यच आहे. पण चोवीस तास पाण्याची गोष्ट सांगताना मसूरच्या रात्रीची गोष्टही त्याच तालुक्याची म्हणून सांगितली गेली पाहिजे.

या भूमीत दुसराही प्रवाह होता, हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण हे खटाव तालुक्यातले. सत्यशोधक विचार या पट्ट्यात खोल रुजला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली ती कराड तालुक्यातील काले या गावी. पुढे संस्था साताऱ्याला गेली आणि तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवली. ज्या तालुक्यात १९०१ मध्ये पाणी नाकारले गेले, त्याच तालुक्यात अठरा वर्षांनी सहभोजनाच्या शिक्षणाची पायाभरणी झाली. म्हणजे माणसे बदलू शकतात, फक्त ती आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी कोणीतरी विचार घेऊन उभे राहावे लागते.

सातारा आणि सांगली हा एकच मुलूख होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कृष्णाकाठचा इतिहास जिल्ह्यांच्या हद्दीत मावत नाही. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे याच पट्ट्यातून मुंबईला गेले आणि गिरणगावात लेखक झाले. त्यांनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. वाटेगाव ते मुंबई हा प्रवास एकट्या अण्णा भाऊंचा नव्हता. कृष्णाकाठ सुपीक होता, पण त्या सुपीक जमिनीत वाटा नसलेल्यांना गिरणी, गोदी आणि रेल्वेचाच रस्ता होता.

आता जमिनीच्या प्रश्नाकडे येतो. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रेचा, शिक्षण कराडचे. ते मुख्यमंत्री असताना दोन गोष्टी झाल्या, त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० मध्ये मिळाल्या. आणि त्याआधी, १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गावनोकर वतने नाहीशी करण्याच्या कायद्याने, महार वतन संपले. हा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. महार वतन सुधारण्याचे विधेयक बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्येच मांडले होते. गुलामगिरीची ही बेडी तुटायला त्यानंतर तीस वर्षे लागली.

बेडी तुटली, पण जमिनीचे काय झाले? कायद्याची योजना अशी होती की वतनाची जमीन आधी सरकारजमा करायची आणि मग आकाराच्या तिप्पट रक्कम कब्जेहक्काची किंमत म्हणून ठरल्या मुदतीत भरून घेऊन ती मूळ वतनदाराला पुन्हा द्यायची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही, अशी अट घातली. अनधिकृत ताबेदाराला काढण्याची तरतूदही केली. कागदावर कायदा चांगला आहे. पण ज्याला वाचता येत नव्हते त्याला मुदत कोण सांगणार? ज्याचा बाप मुंबईच्या चाळीत राहत होता त्याच्यापर्यंत चावडीवरची नोटीस कशी पोचणार? रक्कम वेळेत न भरलेल्यांचे नाव मागे पडले. काही ठिकाणी गहाणाचा कागद कायमचा ठरला, काही ठिकाणी खंडकरी मालक झाला. तालुका न्यायालयात काम करणाऱ्या आमच्यासारख्या वकिलांकडे आजही म्हातारी माणसे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी मोडलेले कागद घेऊन येतात आणि विचारतात, "वकीलसाहेब, आमच्या आज्याची जमीन कुठं गेली?" याचे उत्तर भाषणात नसते. ते फेरफाराच्या नोंदवहीत असते.

महामार्ग रुंद झाला, शहर पसरले, एकेकाळी माळरान म्हणून महारकीला दिलेल्या तुकड्यांना गुंठ्याचा भाव आला. जमिनीला भाव आला की तिचे खरे मालक कोण हे विसरण्याची घाई सुरू होते, हे दोन्ही जिल्ह्यांत कोणालाही पाहता येईल. दुसरी बाजू सहकाराची. साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर आधी उसाची जमीन पाहिजे. कारखाना सभासदांचा, संचालक मंडळ सभासदांचे, त्यातून उभी राहणारी बँक, शाळा, महाविद्यालय, दवाखाना यांच्यावरचा प्रभावही त्याच वर्तुळाचा. म्हणजे १९५९ मध्ये ज्याच्या हातून तुकडा निसटला, त्याच्या नातवाच्या हातून सहकारातली सत्ताही निसटली. कोणी मुद्दाम दार लावले असे नाही, दाराची किल्लीच सातबारा होती. उसाच्या फडात मात्र त्याला जागा आहे. मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या खोपी याच सुपीक शिवारात पडतात आणि हंगाम संपला की उठतात. समृद्ध तालुक्याच्या वर्णनात या खोपी कधी येत नाहीत.

पुरातही हाच भेद आहे. २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णा-कोयनेने कराडपासून सांगलीपर्यंत हाहाकार केला. पाणी जात विचारत नाही असे म्हणतात. पण नदीच्या अंगाला, सखल जागी, स्वस्तातल्या वस्तीत कोण राहते हे जातीने आणि गरिबीनेच ठरवलेले असते. नुकसानभरपाईचा पंचनामा होतो तेव्हा घराचा उतारा मागतात. ज्याच्या नावावर घराची जागाच नाही त्याने काय दाखवावे?

म्हणून कराडकडे, आणि कराडसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावाकडे, आपण डोळसपणे पाहिले पाहिजे. जयंतीची मिरवणूक निघावी, तिला विरोध नाही. परंतु डॉल्बीच्या खर्चातला चौथा हिस्सा जरी कागदांवर खर्च झाला तरी पुढच्या पिढीचे भले होईल. काय करावे?

पहिले, प्रत्येक बौद्ध वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुला-मुलींनी आपल्या गावच्या वतन जमिनीची यादी तयार करावी. जुन्या दुमाला जमिनींसाठी गाव नमुना तीन, अटीच्या जमिनींसाठी नमुना एक-क, फेरफारासाठी नमुना सहा आणि पुन्हा जमीन दिल्याचा १९५९ नंतरचा आदेश, यांच्या प्रमाणित नकला मागाव्यात. नक्कल मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. कागद हाती आल्याशिवाय दावा करू नये आणि कागद हाती असताना गप्प बसू नये. एक गोष्ट ध्यानात ठेवा, उशीर हा आपल्या विरुद्धचा सर्वांत मोठा साक्षीदार असतो.

दुसरे, आगाशिवच्या लेण्यांवर वर्षातून एकदा तरी धम्मसहल न्यावी. तिथे जेवणाची पंगत आणि फोटो यापलीकडे, मुलांना संघमित्राचा लेख दाखवावा आणि ब्राह्मीची चार अक्षरे गिरवायला लावावीत. लेण्यांची हद्द कोणत्या गटात आहे, देखभालीसाठी किती निधी आला, हे लेखी विचारावे. दगडावर खडूने नाव लिहिणारा आपलाच मुलगा असेल तर त्यालाही तिथेच थांबवावे. वारसा सांगणाऱ्याला वारसा जपावा लागतो.

तिसरे, मसूरचे स्टेशन. पुणे-मिरज मार्गावरच्या त्या स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला १९०१ ची गोष्ट ठाऊक असली पाहिजे, तो कोणत्याही जातीचा असो. बाबासाहेबांचा साताऱ्याच्या शाळेतला प्रवेशदिन, ७ नोव्हेंबर, २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कराड तालुक्यातल्या शाळांनी मसूरच्या प्रवासाचे वाचन ठेवावे, अशी मागणी पालक म्हणून आपण शाळा समितीत करू शकतो. यासाठी मोर्चाची गरज नाही, एका अर्जाची आहे.

चौथे, साताऱ्यात फलटण आणि सांगलीत मिरज हे विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. आपली सारी राजकीय चर्चा या दोन जागांभोवती फिरते. पण आपल्या माणसाचे रोजचे काम अडते ते पंचायत समितीत, तहसीलदाराकडे, पोलीस ठाण्यात आणि भूमी अभिलेख कार्यालयात. तिथे जाणारा, कायदा वाचणारा, नम्रपणे पण न घाबरता बोलणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात घडवणे हे आमदारकीच्या तिकिटाइतकेच महत्त्वाचे काम आहे. 'शिका' या शब्दाचा अर्थ पदवीपुरता घेऊ नका, आपल्या तालुक्याचे दप्तर वाचायला शिका.

भरहुतच्या त्या दगडावर कराडचे नाव आहे, आणि त्या नावापुढे कोणा एका पुढाऱ्याचे नाव नाही. सगळ्या गावाने मिळून दिलेले ते दान होते. उद्या कराडने पुन्हा सगळ्या गावाच्या नावाने काही करायचे ठरवले, तर त्या गावात मसूरच्या स्टेशनवर तहानलेल्या मुलाचे वारस, फडातल्या खोपीतले लोक आणि पिशवीतले कागद घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेली म्हातारी धरली जाणार आहेत की नाही? याचा निर्णय कराडनेच करायचा आहे. तो आपल्या बाजूने लागावा यासाठी पुरावे गोळा करण्याचे काम मात्र आपले आहे, आणि ते सोमवारी कचेरी उघडली की सुरू करता येते.

जयभीम!